जूनमध्ये दुबईला कशाला जायचं?

पत्र

सर, मी कोल्हापूरचा. वय २८. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून बरीच वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ थांबला. कोचिंगचं ‘सी’ लायसन्स केलंय. सकाळी एका खासगी शाळेत करारावर पी.टी. घेतो, संध्याकाळी पोरांना कोचिंग. आता दुबईतल्या एका अकादमीची ऑफर आलीय. महिना ३,५०० दिरहम, राहायला शेअरिंग रूम. एजंट सव्वा लाख मागतोय. व्हिजिट व्हिसावर जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोच, पुढचं तिथं गेल्यावर करू, असं म्हणतोय. ऑफर लेटरचा फोटो सोबत पाठवलाय. मला भारताचे माजी फुटबॉल कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्यासारखं व्हायचंय. नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा… आठ-दहा देशांत कोचिंग करायचं हे माझं स्वप्न आहे. वडील म्हणतात, शाळेत कायम होईपर्यंत हलायचं नाही. घरात लग्नाचंही चाललंय. जाऊ का? मला अरेतुरे केलं तरी चालेल.

– एक कोच, कोल्हापूर

उत्तर

मित्रा,

अरेतुरेची परवानगी दिलीस ते बरं झालं, कारण पुढचं थोडं खडसावूनच लिहिणार आहे. परदेशात जरूर जा. या ऑफरवर मात्र जाऊ नकोस.

आधी तुझ्या त्या यादीबद्दल बोलू. नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा हे तू असं लिहिलं आहेस जणू ती पासपोर्टवर मारून घ्यायच्या शिक्क्यांची यादी आहे. ती यादी कशी तयार झाली ते बघ. कॉन्स्टंटाइन १९९९ मध्ये नेपाळला गेला आणि त्याच वर्षी काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत नेपाळने रौप्य मिळवलं. २००२ ला तो भारतात आला, २००५ ला गेला. त्यानंतर थेट २०१५ ला परत आला. मधल्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये मिलवॉल क्लब, मग मलावी, सुदान, सायप्रसमधले क्लब, रवांडा. कुठे करार संपला, कुठे जमलं नाही, कुठे स्वतःच सोडलं. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात फोनची वाट बघत घरी बसावं लागतं, ते कुठल्याच यादीत दिसत नाही. दुसऱ्या खेपेला त्याने भारताला फिफा क्रमवारीत १७३ वरून २०१७ च्या जुलैत ९६ वर आणलं. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ असं धुतलं, तेव्हा तू आणि तुझ्या मित्रांनी फटाके लावले असतील. आठ दिवसांनी शारजात बहारीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ९० मिनिटं ०-० टिकलं आणि भरपाई वेळेत पेनल्टीवर गोल खाल्ला. सामना संपल्यावर पत्रकार परिषदेतच त्याने राजीनामा जाहीर केला. चार वर्षांचं काम आणि शेवटचं एक मिनिट. या धंद्यात पुढचा देश असाच येतो.

बोरा मिलुटिनोविच हे नाव तुझ्या पत्रात नाही, आणि याचं मला नवल वाटलं. पाच लागोपाठ विश्वचषकांत पाच वेगळ्या देशांचा कोच: १९८६ मेक्सिको, १९९० कोस्टारिका, १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया, २००२ चीन. पहिल्या चौघांना त्याने बाद फेरीत नेलं. एवढं सगळे सांगतात. तुझ्या कामाचं आहे ते याच्या आधीचं. हा सर्बियाचा माणूस खेळाडू म्हणून मेक्सिकोतल्या पुमास या विद्यापीठाच्या क्लबात आला, तिथेच खेळला, तिथली भाषा बोलू लागला, तिथेच लग्न केलं, तिथेच कोच झाला. १९८१ ला लीग जिंकली, मग देशाचा संघ हातात आला. म्हणजे जगभर फिरण्याआधी तो एका शहरात, एका क्लबात चांगला दहा वर्षं मुरला होता. आणि पुढचं ऐक. मेक्सिकोने त्याला दुसऱ्यांदा बोलावलं, त्याने संघाला १९९८ च्या विश्वचषकासाठी पात्र केलं, पात्रतेच्या शेवटच्या फेरीत एकही सामना हरला नाही. बरोबरी फार होतात म्हणून लोक ओरडले आणि महासंघाने त्याला नारळ दिला. काही महिन्यांनी तो नायजेरिया घेऊन फ्रान्समध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात स्पेनला ३-२ हरवलं.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २००२ मध्ये चीनचा पहिला सामना ग्वांगजूला झाला तो नेमका कोस्टारिकाशी. समोरच्या बाकावर होता अलेक्झांद्रे गिमारायस, ज्याला १९९० च्या विश्वचषकात बोरानेच खेळवलं होतं. चेल्याने गुरूला २-० असं हरवलं. हाच गिमारायस २०१६ ला इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा कोच झाला आणि अंधेरीच्या मैदानावर खेळणारा तो संघ त्या वर्षी साखळीत पहिला आला. या लोकांना कामं कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली काढलेल्या दिवसांतून मिळतात. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळत नाहीत. म्हणून कुठलीही ऑफर आली की माझा पहिला प्रश्न असतो, मुख्य कोच कोण? तुझ्या लेटरमध्ये ते नावच नाही.

जर्मनीच्या रूडी गुटेनडॉर्फचा विक्रम तर सगळ्यांच्या वर आहे: १८ राष्ट्रीय संघ, क्लब धरून ५५ संघ. चिलीला होता तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयेंदेंशी त्याची मैत्री होती आणि १९७३ च्या लष्करी उठावाने तो अध्याय संपला. सत्तरी ओलांडल्यावर तो रवांडात वांशिक वैर असलेल्या हुतू आणि तुत्सी खेळाडूंना एका संघात खेळवत होता. ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच. पण त्याच्या मागे जर्मन पासपोर्ट होता आणि बऱ्याच ठिकाणी जर्मन सरकारच्या क्रीडा-मदतीचा आधारही होता. शिवाय बुंडेसलीगा या जर्मनीच्या लीगच्या पहिल्याच हंगामात त्याचा संघ दुसरा आला होता. तुझ्या-माझ्यासारख्यांना हे पाठबळ नाही. आपल्याच देशाचं बघ ना. २०१२ पासून भारताच्या संघावर कुवरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमॅक, मानोलो असे एकामागून एक परदेशी कोच येत राहिले. भारतीय माणसाला ती खुर्ची मिळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. घरी ही गत, तर बाहेरच्या महासंघांकडून काय अपेक्षा करायची? हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. गोरा कोच ज्या दारातून आत जातो ते दार तुला उघडं मिळणार नाही. तुझ्याकडे कागद आणि काम, दोन्ही जास्त असावं लागेल.

आता तुझा कागद. फोटो मोठा करून वाचला. कंपनीच्या नावात ‘स्पोर्ट्स सर्व्हिसेस’ आहे, ‘क्लब’ कुठेच नाही. हे आधी समजून घे. फिफाने २०२१ पासून कोचांच्या नोकरीसाठी वेगळे नियम केलेत. करार लेखी हवा, पगार आणि मुदत त्यात हवी. परदेशी कोचचे पैसे थकले किंवा त्याला मध्येच काढलं, तर त्याला फिफाच्या फुटबॉल ट्रायब्युनलकडे जाता येतं, आणि त्याची फीही कोचला पडत नाही. स्टिमॅकला २०२४ च्या जूनमध्ये आपल्या महासंघाने काढलं, तेव्हा फिफाचा इशारा देऊन त्याने भरपाई घेतलीच. पण हे संरक्षण व्यावसायिक क्लब आणि महासंघ यांच्या नोकरीला आहे. मुलांकडून महिन्याची फी घेऊन चालणारी खासगी अकादमी त्यात येत नाही. तिथे तू फिफाच्या लेखी कोच नाहीस, दुबईतल्या एका कंपनीचा कामगार आहेस. तुला लागू होणार तिथला कामगार कायदा. तो वाईट नाही, पण तो लागू व्हायला तुझ्याकडे नोकरीचा व्हिसा हवा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायला जाशील आणि आधी स्वतःच कचाट्यात सापडशील. ‘पुढचं तिथं गेल्यावर करू’ ही बोलाचीच कढी आहे.

दुसऱ्या पानावरची ओळ तू वाचली आहेस का? ३,५०० दिरहममधले मूळ वेतन १,२००, उरलेले २,३०० भत्ते. यात बेकायदा काही नाही, अशी फोड सर्रास करतात. पण तिथे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ वेतनावर. वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षीचे २१ दिवसांचे मूळ वेतन. १,२०० वर ती वर्षाला ८४० दिरहम होते. सगळे ३,५०० मूळ वेतन असते तर २,४५० झाली असती. भत्त्यांत ‘सेशन अलाउन्स’ असंही लिहिलंय. म्हणजे सेशन झालं तर पैसे. आणि सेशन सगळ्यात कमी कधी होतात, सांगू? जूनअखेर ते ऑगस्ट. दुबईत उन्हाळ्यात शाळा बंद होतात, परदेशी कुटुंबं आपापल्या गावी जातात. बाहेर ऊन असं की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. अकादम्यांचा खरा हंगाम सप्टेंबरला सुरू होतो. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका कोचला तिथे बोलवायची एवढी घाई कुणाला? अकादमीला नसावी. सव्वा लाखवाल्याला मात्र असू शकते.

त्या सव्वा लाखाचं वेगळं सांगतो. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नोंदणी आहे की नाही ते परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साइटवर नाव टाकून घरबसल्या कळतं. दुबईच्या बाजूने तर भरतीचा खर्च कामगारावर टाकायलाच मनाई आहे. एक बारकावा लक्षात घे. तू दहावीच्या पुढे शिकलेला, त्यामुळे आखातात जाण्यासाठी तुला सरकारी मंजुरीची गरज पडत नाही. दहावी न झालेला गवंडी किंवा सुतार जाताना निदान एक सरकारी अधिकारी त्याचा करार बघतो. तुझा कोणी बघणार नाही. तो तूच बघायचा.

परदेशात राबणारा फुटबॉलवाला कसा जगतो, हे बघायला तुला दुबईला जायची गरज नाही. कोल्हापुरात हंगामाला नायजेरियाची पोरं येतात, तालमीच्या संघांकडून खेळतात, शाहू स्टेडियमवर त्यांच्या नावाने शिट्ट्या पडतात. त्यांच्यातल्या कोणाशी तरी तुझी ओळख असेलच. एक संध्याकाळ चहा पाज आणि विचार. पैसे महिन्याला ठरले की सामन्याला? दुखापत झाली तेव्हा डॉक्टरचे कोणी दिले? मेमध्ये हंगाम संपला की कुठे राहतोस, काय खातोस? त्याची उत्तरं तुला माझ्या या सगळ्या पानापेक्षा जास्त शिकवतील. मग तेच प्रश्न इंग्रजीत दुबईला पाठव.

आता तू काय करावंस.

‘बी’ लायसन्सला अर्ज कर. ‘सी’वाल्याला अकादमीत लहान मुलांपुढे शंकू मांडायचं काम मिळतं. ‘बी’वर वयोगटाचा संघ हातात येऊ शकतो, आणि पुढे ‘ए’ आणि ‘प्रो’ आहेतच. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ घेऊन काम केल्याची नोंद लागते, म्हणून रोजच्या सेशनच्या वह्या नीट ठेव. तारीख, किती पोरं, काय घेतलं, काय फसलं. व्हिडिओही ठेव. क्लबवाले मुलाखतीत हल्ली तेच मागतात. आणि इंग्रजी. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून शंका येते. दुबईत पालकांशी हिंदीत निभावून जाईल. पण वीस मिनिटांत एका अनोळखी डायरेक्टरला आपली बचावफळी कशी उभी राहते ते समजावून सांगायचं, तेव्हा ‘यू नो, लाइक’ने भागत नाही. मोबाइलसमोर बोलून बघ.

एक-दोन वर्षं कोल्हापूर सोड, पण देशातच. खालिद जमीलची वाट मला तुझ्यासाठी कॉन्स्टंटाइनपेक्षा जवळची वाटते. माणूस जन्मला कुवेतला, खेळला मुंबईत, मग मुंबई एफसीचा कोच म्हणून एकाच जागी सात वर्षं काढली. संघ कायम काटकसरीचा, पदक-बिदक काही नाही. तिथून नारळ मिळाल्यावर तो गेला मिझोरामला, आयझॉलला. भाषा वेगळी, जेवण वेगळं, आदल्या वर्षी खालच्या विभागात ढकलला गेलेला आणि मग पुन्हा वर घेतलेला संघ. त्याने पहिल्याच हंगामात, २०१६-१७ ला, आय-लीग ही देशाची लीग जिंकून दिली. ज्या भारतीयाला ती खुर्ची २०२५ ला मिळाली, तो हाच. घरापासून लांब, जिथली भाषा कळत नाही अशा गावात ड्रेसिंग रूम सांभाळता येते का, ही परीक्षा पासपोर्टशिवाय देता येते. गोवा, केरळ, मिझोराम, पंजाब, कुठेही क्लबच्या तेरा-पंधरा वर्षांखालच्या संघाला सहायक म्हणून जा. पगार दुबईच्या निम्माही नसेल. पण रोज संध्याकाळी तुझ्या वरच्या कोचकडे बघत काहीतरी शिकशील.

आणि दुबई? त्या अकादमीला आजच एक मेल टाक. एजंटला नाही, थेट अकादमीला, त्यांच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर. त्यात विचार: मुख्य कोच कोण, त्यांचं लायसन्स कुठलं, नोकरीचा व्हिसा मी भारतात असतानाच काढणार का, मूळ वेतन किती करता येईल, जुलै-ऑगस्टचा पगार पूर्ण का, आरोग्य विमा आणि परतीचं तिकीट कोण देणार, ‘बी’च्या कोर्ससाठी रजा मिळेल का. खरी अकादमी असेल तर चार दिवसांत नीट उत्तर येईल, कारण हे प्रश्न त्यांना नवीन नाहीत. ‘आम्ही असा कोणी एजंट नेमलाच नाही’ असंही उत्तर येऊ शकतं, त्याची तयारी ठेव. सगळं लेखी आलं, व्हिसा हातात आला आणि एजंट मधून गेला, तर सप्टेंबरला खुशाल जा. दोन वर्षं काढ, थोडे पैसे साठव, अनुभव घे. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

वडिलांच्या म्हणण्यात मला अर्धंच तथ्य दिसतं. करारावरचा पी.टी. शिक्षक ‘कायम होईपर्यंत’ म्हणजे किती वर्षं, हे शाळेला विचारून बघ. संस्थाचालक हसून दुसरा विषय काढतील. पण ते ‘हलू नकोस’ म्हणतात त्यात सव्वा लाखाची काळजी आहे, ती रास्त आहे. त्यांना वरचं मूळ वेतनाचं गणित कागदावर मांडून दाखव. पोरगा नुसता भारावलेला नाही, हिशोब करतोय, हे दिसलं की घरातला सूर बदलतो असा माझा अनुभव आहे. लग्नाबद्दल एवढंच सांगेन. मुलगी बघायला जाशील तिथे हे सगळं मोकळेपणाने सांग, पगार किती आणि तो कधीकधी नसतोही, हे धरून. कोचच्या घरात दर एक-दोन वर्षांनी सामान बांधायची वेळ येऊ शकते. तिला ते आधीच ठाऊक असायला हवं, आणि तिचं म्हणणं काय ते तुला.

शाळेचा राजीनामा इतक्यात देऊ नकोस. करारात सुट्टीचा पगार आहे का ते बघ, असेल तर तो सोडू नकोस. मेल गेला की त्याची प्रत मलाही पाठव, इंग्रजी तपासून देतो.